गिलाव्याआडच्या तारा

आपल्या सीमाभागात गेल्या काही वर्षांपासून जुनी घरे नवी करण्याचे काम मोठ्या उत्साहाने चालू आहे. बिदर शहरातील जांभ्या दगडाचे वाडे, कलबुर्गीतील शहाबादी फरशीची दुमजली घरे, बसवकल्याण, हुमनाबाद, भालकी, आळंद येथील बाजारपेठांतून खाली दुकान व वर बिऱ्हाड अशा रीतीने वाडवडिलांनी बांधलेल्या वास्तू, या साऱ्यांना आज नवे रूप येत आहे. कोठे माळवद उतरवून स्लॅब पडत आहे, कोठे ओसरी व माजघर यांमधील भिंत काढून बैठकीची प्रशस्त खोली होत आहे, तर कोठे मुलाच्या लग्नाच्या निमित्ताने वरचा मजला सजत आहे. समाजाच्या उत्कर्षाचे हे लक्षण होय, आणि ते पाहून कोणासही समाधानच वाटावे. परंतु भिंतीवर पहिली पहार पडली म्हणजे गिलाव्यामागून जे बाहेर येते, त्याविषयी मात्र आपण फारसे बोलत नाही. बाहेर येतात त्या तीस, चाळीस, क्वचित साठ वर्षांपूर्वी घातलेल्या विजेच्या तारा. कोठे त्यांचे वेष्टण हाताचा स्पर्श होताच भुग्यासारखे गळून पडते, कोठे दोन तारांचा पीळ दिलेला जोड नुसत्या चिकटपट्टीने गुंडाळून भिंतीत गाडलेला असतो. गवंडी तो पाहतो, वायरमन पाहतो, घरधनीही पाहतो. त्यानंतर बहुधा काय होते, हे आपण सर्वजण जाणतो. मुहूर्त जवळ आलेला असतो, रंगारी दाराशी येऊन उभा असतो, आणि दुसऱ्या दिवशी त्या जागेवर नवा गिलावा चढतो.

अशा रीतीने दोष दिसल्यावर तो पुन्हा झाकून टाकणे ही माझ्या मते केवळ निष्काळजीपणाची गोष्ट नसून आपल्या धर्मास व आपल्या व्यापारास सारखाच उणेपणा आणणारी गोष्ट आहे. संघाच्या स्मरणिकेत तारकामाचा विषय कशाला, असे काही बंधूंना वाटेल. तो येथेच का हवा, हे पुढे स्पष्ट होईल.

प्रथम हे ध्यानात घेतले पाहिजे की, आपल्या घरांतील तारकाम एकाच वेळी व एकाच हाताने झालेले नाही. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर व गुलबर्गा हे जिल्हे पूर्वीच्या हैदराबाद राज्यातून म्हैसूर राज्यात आले. १९५७ साली त्या राज्याचे विद्युत मंडळ स्थापन झाले, आणि २००२ पासून आपल्या भागाचा पुरवठा कलबुर्गी येथे मुख्य कचेरी असलेल्या जेस्कॉम या कंपनीकडे आहे. राज्याचे नाव बदलले, मंडळाची कंपनी झाली, गुलबर्ग्याचे कलबुर्गी झाले आणि दारावरील मीटरही अनेकदा बदलले. मीटरच्या अलीकडे, म्हणजे घरात, जे होते ते मात्र तसेच राहिले. कारण तेथून पुढची जबाबदारी सर्वस्वी मालकाची असते.

जुन्या घराची भिंत उकलणे म्हणजे एखादी जुनी खतावणी उलटी चाळण्यासारखे आहे. सर्वांत आतल्या पानावर लाकडी केसिंग-कॅपिंग सापडते: दोन खोबणींची पट्टी, तीत रबराचे वेष्टण व त्यावर सुती विणकाम असलेली तांब्याची तार, वर लाकडी झाकण. त्या काळी ते काम उत्तमच होते आणि करणारे कारागीरही चोख होते. परंतु रबराचे आयुष्य मर्यादित असते. आपल्याकडील वैशाखाच्या उन्हात माळवदाखाली तापत राहिलेले रबर कालांतराने कडक होते, त्यास भेगा पडतात, आणि तार एका जागी उघडी होते. त्यानंतर आली सागवानी बॅटनच्या पट्टीवर चापे ठोकून बसविलेली तार. मग पीव्हीसीचे, म्हणजे प्लॅस्टिकचे, वेष्टण आले. याच सुमारास, १९६० नंतरच्या दशकांत, देशात तांब्याची व ते आणण्यास लागणाऱ्या परकीय चलनाची टंचाई असल्यामुळे घरगुती तारांत ॲल्युमिनियमचा वापर सर्रास होऊ लागला. पुढे तांबे पुन्हा आले, तारा पाइपातून भिंतीत गेल्या आणि दृष्टीआड झाल्या. आपल्या पुष्कळ घरांत या चारही पिढ्या एकाच मेन स्विचखाली एकत्र कुटुंबासारख्या नांदत असतात. एकत्र कुटुंब ही चांगली संस्था असली, तरी तारांच्या बाबतीत तिचा पुरस्कार करता येत नाही.

याचे कारण ॲल्युमिनियमच्या स्वभावात आहे. ते तापले की तांब्यापेक्षा अधिक प्रसरण पावते, स्क्रूखाली दाबले असता हळूहळू पसरून सैल होते, आणि हवेशी संबंध येताच त्याच्या पृष्ठावर वीज अडविणारा पातळ थर धरतो. तांब्याशी त्याचा उघडा जोड दिला व तेथे दमट हवा लागली तर तो जोड कुजतो. सैल जोड तापतो, तापलेला जोड अधिक सैल होतो, आणि असे हे चक्र वर्षानुवर्षे निमूटपणे चालू राहते. अमेरिकेत १९६५ ते १९७३ या काळात बांधलेल्या लक्षावधी घरांत ॲल्युमिनियमच्या तारा घालण्यात आल्या होत्या. तेथील ग्राहक सुरक्षा आयोगाच्या सांगण्यानुसार, १९७२ पूर्वी अशा तारा घातलेल्या घरांतील जोड आग लागण्याइतके तापण्याची शक्यता तांब्याच्या तारांच्या घरांपेक्षा ५५ पट अधिक असते. आपल्याकडे अशी मोजणी कोणी केली नाही, एवढाच फरक.

परंतु जुनेपणापेक्षाही घातक असे दोष असतात, आणि ते तुलनेने नव्या घरांतही आढळतात. पहिला असा की, बटण फेजच्या तारेवर न बसविता न्यूट्रलच्या तारेवर बसविलेले असते. बटण बंद केले की दिवा विझतो, त्यामुळे कोणास काही संशय येत नाही. होल्डरमध्ये मात्र वीज जिवंतच असते, आणि दिवा बदलण्यास स्टुलावर चढलेल्या माणसास ती गाठते. दुसरा दोष याहून भयंकर आहे. तीन भोकांच्या सॉकेटमधील वरचे मोठे भोक अर्थिंगचे. कित्येक घरांत त्यास तारच जोडलेली नसते. आणि काही 'हुशार' कारागीर तर सॉकेटच्या आतल्या आतच ते भोक न्यूट्रलला जोडून मोकळे होतात. वरून पाहणाऱ्यास सर्व यथासांग दिसते. अशा घरात कधी न्यूट्रलची तार मागे कोठे तुटली, तर शीतकपाटाचे, कपडे धुण्याच्या यंत्राचे वा पाण्याच्या पंपाचे सारे लोखंडी अंग जिवंत होते. ओल्या पायांनी, ओल्या हातांनी त्यास कोण स्पर्श करते? बहुतेक घरांतून ती घरातील स्त्री असते, अथवा भांडी घासावयास येणारी बाई.

आपल्या घरांत कन्नड, मराठी, मारवाडी, दखनी अशा नाना भाषा बोलल्या जातात, आणि 'अर्थ' हा इंग्रजी शब्द सर्वांत सारखाच रूढ आहे. अर्थाची एवढी चिंता वाहणाऱ्या आपल्या घरांत नेमका हाच अर्थ नसावा, हे आश्चर्यच म्हणावयाचे. आपल्या भूमीचाही येथे विचार केला पाहिजे. बिदरचे पठार जांभ्याचे. तो दगड सच्छिद्र असल्याने पाणी वर धरून न ठेवता खाली सोडून देतो, म्हणूनच बहमनी काळात तेथे भूमिगत करेझ खोदून पाणी मिळवावे लागले. कलबुर्गीकडील काळी जमीन पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात तिला हातभर भेगा पडतात. दोन्ही ठिकाणी अर्थिंगचा खड्डा एकदा कोळसा व मीठ घालून भरला म्हणजे काम संपले असे होत नाही. चैत्र-वैशाखात त्यात पाणी घालावे लागते आणि मातीशी त्याचा संबंध टिकला आहे की नाही, हे यंत्राने मोजून पहावे लागते. तो खड्डा घराच्या कोणत्या कोपऱ्यात आहे, हे आपल्यापैकी किती जणांस ठाऊक आहे?

भाराचा प्रश्न तर प्रत्येकाने स्वतःच सोडवून पाहण्यासारखा आहे, कारण तो निव्वळ हिशोबाचा आहे. चार दिवे ६० वॅटचे व एक पंखा एवढ्यासाठी २३० व्होल्टवर सुमारे दीड अँपिअर प्रवाह लागतो. जुन्या घराच्या तारा एवढ्याच हिशोबाने घातलेल्या असत. आज त्याच घरात २ किलोवॅटचा गीझर सुमारे ९ अँपिअर घेतो, दीड टनाचे वातानुकूलन यंत्र ७ ते ८ अँपिअर घेते, आणि विजेची शेगडी पुन्हा ८-९ अँपिअर. तिन्ही एका वेळी चालली की २५ अँपिअर झाले. तारेत उत्पन्न होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते: प्रवाह दुप्पट झाला तर उष्णता चौपट, तिप्पट झाला तर नऊपट. आता यावर घरोघरी केला जाणारा उपाय पहा. पूर्वी चिनी मातीच्या किटकॅट फ्यूजमधील बारीक तार वारंवार वितळू लागली की तिच्या जागी जाड तांब्याची तार गुंडाळीत असत. आज एमसीबी वारंवार पडू लागली की १० अँपिअरची काढून ३२ अँपिअरची बसवितात. मुनीम वारंवार चूक दाखवितो म्हणून त्यास काढून टाकावे, तशातला हा प्रकार. कमकुवत कडी आधी तुटावी म्हणून मुद्दाम ठेवलेली असते. ती बळकट केली की मग भिंतीतील तारच फ्यूज बनते.

आमच्या परिचयातील एका सभासदाच्या घरी काही वर्षांपूर्वी असे काम निघाले. सीमेवरील एका तालुक्याच्या गावी खाली धान्याचे दुकान, मागे गोदाम व वर दोन बिऱ्हाडे अशी ती वास्तू. स्वयंपाकघराची भिंत फोडली असता आत सहा-सात ठिकाणी पिळाचे जोड निघाले. एका जोडाभोवतीचा चुना काळा पडला होता आणि शेजारची सागवानी फळी बोटभर खोल कोळसा झाली होती. ती कधी जळली, हे घरातील कोणासही सांगता आले नाही. एवढेच आठवले की, कधी काळी त्या खोलीत काही दिवस जळका वास येत असे आणि सुनेला तो स्वयंपाकाचा वाटे. ज्या ठेकेदाराने पूर्वी ते काम केले होते तो गाव सोडून गेला होता, त्याचा परवाना होता की नव्हता याची नोंद कोणाकडे नव्हती. मालकांनी रंगाचे काम थांबविले, लग्न नातलगांच्या घरून केले, आणि दोन महिने घालवून सर्व घराच्या तारा नव्याने घातल्या. नातलगांनी त्यांस वेड्यात काढले. माझ्या मते त्या वर्षी आपल्या भागात झालेल्या शहाण्या व्यवहारांपैकी तो एक होता.

सर्वांच्या नशिबी असा इशारा येत नाही. १८ मे २०२५ हा रविवारचा दिवस आपल्या भागातील व्यापाऱ्यांनी विसरू नये. हैदराबाद व सोलापूर ही दोन्ही शहरे आपल्या रोजच्या व्यवहारातील. त्या दिवशी पहाटे सोलापूरच्या अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या कारखान्यास आग लागली. मालकाचे कुटुंब तेथेच राहत होते. मालक, त्यांचे आप्त व कामगार मिळून ८ जणांचे प्राण गेले. आणि त्याच सकाळी हैदराबादेत चारमिनारजवळील गुलझार हौज येथे मोत्यांच्या व्यापारात पिढ्यान्‌पिढ्या असलेल्या एका कुटुंबाच्या घरास आग लागली. खाली दुकाने, वर एकत्र कुटुंब, वर जाण्यास अरुंद असा एकच मार्ग. मृतांची संख्या १७ झाली, आणि त्यांत ८ बालके होती. दोन्ही ठिकाणी प्राथमिक अंदाज शॉर्ट सर्किटचा होता. मला येथे कोणाकडे बोट दाखवावयाचे नाही; ज्यांचे सर्वस्व गेले त्यांच्याविषयी सहानुभूतीखेरीज दुसरे काही मनात येत नाही. परंतु खाली दुकान, वर बिऱ्हाड व मध्ये एकच जिना, हे चित्र वाचताना आपणांपैकी ज्यास स्वतःचे घर आठवले नाही, असा सभासद विरळाच असेल. आपल्या घरात तर दुकानात तेल, कापड, बारदान वा डाळीची पोती असतात.

याउपर दोन आक्षेप हमखास निघतात. पहिला, 'इतकी वर्षे काही झाले नाही.' व्यापारात ज्याने एकदाही दिवाळे पाहिले नाही असा ऋणको कधी बुडणारच नाही, असे आपण धरून चालतो काय? तारेचे वेष्टण दररोज थोडे थोडे झिजत असते. ज्या दिवसापर्यंत काही होत नाही, त्या दिवसापर्यंत काहीच होत नसते. दुसरा आक्षेप खर्चाचा. नूतनीकरणाच्या एकंदर खर्चात चांगल्या तारा, योग्य एमसीबी व अर्थिंग यांचा भाग लहान असतो. कित्येक घरांत तो नुसत्या लाकडी सजावटीच्या वा इटालियन फरशीच्या फरकाएवढाही नसतो. आणि भिंत उघडी असताना जे काम होते तेच पुढे करावयाचे म्हटले तर नवी फरशी, नवा रंग, नवे कपाट, सर्व पुन्हा फोडावे लागते. म्हणून भिंत उघडी असण्याचा तो आठवडा मोलाचा आहे. विम्यावर भिस्त ठेवणाऱ्यांनीही आपले कागद काढून वाचावेत. रूढ अग्निविमा पत्रातील अटींनुसार शॉर्ट सर्किटने जे उपकरण वा जी तार स्वतः जळाली तिची भरपाई वगळलेली असते, आणि तेथून पसरलेल्या आगीने झालेली हानी तेवढी धरली जाते. प्राणहानीची भरपाई कोणते विमापत्र करणार?

आता धर्माच्या अंगाने पहावयाचे. वीज ही सचित्त तेजस्काय की अचित्त पुद्गल, याविषयी आपल्या आचार्य-मुनींमध्ये मतभेद आहेत, आणि काही संप्रदायांचे साधू त्यामुळे ध्वनिक्षेपकही वापरीत नाहीत. त्या वादात पडण्याचा अधिकार मला नाही. परंतु विजेपासून लागणारी आग ही आगच आहे, आणि तीत जळणारे जीव, मुंगीपासून माणसापर्यंत, जीवच आहेत, याविषयी कोणताही मतभेद संभवत नाही. उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात हिंसेची जी व्याख्या आहे तिचे मर्म हेच की, प्रमादयुक्त वर्तनातून होणारा प्राणांचा घात ही हिंसा. कर्मबंधाच्या पाच कारणांत मिथ्यात्व व अविरति यांच्यानंतर प्रमादाचेच नाव येते. साधूंसाठी सांगितलेल्या पाच समितींमध्ये एक आदान-निक्षेपण समिती आहे: वस्तू उचलताना व ठेवताना जपून, पाहून उचलावी व ठेवावी. श्रावकास ती त्याच कठोरतेने लागू नसेल; तरी जो गृहस्थ जमिनीवर पाट ठेवतानाही खाली किडामुंगी आहे का ते पाहतो, त्याने उघडी तार डोळ्यांनी पाहून तिच्यावर गिलावा घालावा, यात सुसंगती कोणती? आपण पाणी गाळून पितो. सूर्यास्तापूर्वी भोजन करतो. मग घरातील लेकरे ज्या भिंतीला टेकून अभ्यास करतात, त्या भिंतीत काय आहे हे पाहणे धर्माबाहेरचे कसे ठरते? मंदिरांविषयीही हेच म्हणावे लागेल. पर्युषणात व दशलक्षण पर्वात शिखरापासून मंडपापर्यंत रोषणाई होते, आणि त्या सर्वांचा भार सभामंडपातील एका जुन्या सॉकेटवर पडतो. विश्वस्त मंडळांनी याचा विचार करावा.

यानंतरची गोष्ट थोडी अप्रिय आहे, परंतु व्यापाऱ्यांच्या संघात ती बोलली नाही तर कोठे बोलावयाची? सदोष तार भिंतीत जाण्यापूर्वी कोणत्या तरी दुकानाच्या गादीवरून जाते. आपल्यातील अनेक बंधू विजेच्या सामानाचा व्यापार करतात आणि बहुसंख्य चोख माल विकतात. तथापि बाजारात नामांकित कंपन्यांच्या नावाची नक्कल केलेली वेटोळी येतात, हे नाकारण्यात अर्थ नाही. वेटोळे ९० मीटरचे म्हणून विकले जाते व प्रत्यक्षात कमी भरते. वर दीड चौरस मिलिमीटर छापलेले असते व आत त्याहून बारीक तार असते. आणि सर्वांत वाईट म्हणजे तांब्याचा केवळ मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार शुद्ध तांब्याच्या भावाने दिली जाते. घरगुती पीव्हीसी तारांसाठी भारतीय मानक ६९४ आहे, आणि केंद्र सरकारच्या २००३ सालच्या गुणवत्ता नियंत्रण आदेशाने अशा तारांवर मानक ब्युरोचे प्रमाणचिन्ह सक्तीचे झाले आहे. चिन्हाखालचा परवाना क्रमांक खरा की खोटा हे आता ब्युरोच्या 'बीआयएस केअर' या मोबाइलवरील साधनात कोणासही पाहता येते. ग्राहकाने पाहण्यापूर्वी दुकानदाराने ते पहावे, हीच आपल्या पेढीची प्रतिष्ठा. चौर्यकर्माच्या अतिचारांत खोटी मापे व भेसळीचा व्यवहार यांची गणना आपल्याच शास्त्रांनी केली आहे. धान्यातील खड्यापुरतीच ती मर्यादित आहे असे कोठेही लिहिलेले नाही. डाळीतील खडा दातास लागतो, तारेतील भेसळ घरास लागते.

भाडेकरूंचा प्रश्नही आपल्याकडेच येतो, कारण गंजातील व मोंढ्यातील कितीतरी गाळे व खोल्या सभासदांच्या मालकीच्या आहेत. तेथे जुन्या तारा असल्या तर मालक म्हणतो, भाडेकरूने पहावे. भाडेकरू म्हणतो, घर माझे नव्हे. इंग्लंडमध्ये २०२० च्या नियमांनी खाजगी भाड्याच्या घरांतील विजेच्या कामाची निदान दर ५ वर्षांनी जाणकाराकडून तपासणी करणे घरमालकावर बंधनकारक केले. आपण कायद्याची वाट का पहावी? ज्याचे भाडे आपण दर महिन्यास वहीत जमा करतो, त्याच्या जिवाची जोखीम आपल्याच नावे लिहिलेली आहे.

प्रत्यक्ष काय करावे, याविषयी जाणकारांत मतभेद नाही. विजेचे काम परवानाधारक ठेकेदाराकडून व प्रमाणपत्रधारक पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली व्हावे, हा नियम आपल्या देशात १९५६ च्या भारतीय विद्युत नियमांपासून आहे व केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आजच्या नियमांतही तो कायम आहे. दिव्यांसाठी दीड, साध्या सॉकेटसाठी अडीच व गीझर किंवा वातानुकूलनासाठी चार चौरस मिलिमीटरची तांब्याची तार, प्रत्येक मोठ्या उपकरणास स्वतंत्र फेरा, आणि जोड देणे भागच असेल तर तो उघडता येईल अशा पेटीत, एवढे पथ्य पाळले तरी पुष्कळ झाले. याशिवाय एक साधन प्रत्येक घरात हवे. एमसीबी ही तारेचे रक्षण करते, माणसाचे नव्हे. कारण माणसास मारण्यास एका अँपिअरचा लहानसा अंशही पुरतो, आणि तेवढ्याने ती हालतही नाही. माणसाचे रक्षण आरसीसीबी करते. गेलेली वीज व परत आलेली वीज यांचा ती सतत ताळा पाहते, आणि ३० मिलिअँपिअरची तफावत पडली की क्षणार्धात पुरवठा तोडते. जमाखर्चाचा ताळा रोज रात्री पाहणाऱ्या आपल्या समाजास हे यंत्र अन्य कोणापेक्षाही लवकर उमगावे. मात्र जुन्या घरात ती बसविताच ती वारंवार पडू लागली तर वायरमनला सांगून ती काढून टाकण्याची घाई करू नये. बहुधा ती खरेच बोलत असते.

गिलावा चढण्यापूर्वी मेगर यंत्राने ५०० व्होल्टचा दाब देऊन तारांच्या वेष्टणाची परीक्षा करावी. फेज व अर्थ यांमधील रोध किमान १ मेगओहम भरला पाहिजे. तो आकडा, अर्थिंगचे माप, काम करणाऱ्याचे नाव व परवाना क्रमांक, आणि उघड्या भिंतीची छायाचित्रे एका वहीत लावून ती वही घराच्या खरेदीखताबरोबर ठेवावी. पुढच्या पिढीतील कोणी खिळा ठोकण्यापूर्वी ती उघडून पाहील.

मेगर यंत्र काही हजार रुपयांत मिळते, परंतु एका घरासाठी ते कोणी घेणार नाही. म्हणून येत्या वार्षिक सभेत मी असा ठराव मांडणार आहे की, संघाने एक मेगर व एक अर्थिंग मोजण्याचे यंत्र विकत घेऊन कलबुर्गीच्या कचेरीत ठेवावे व बिदर जिल्ह्यातील सभासदांसाठी तसाच दुसरा संच गांधी गंजातील एखाद्या पेढीवर ठेवावा. परवानाधारक ठेकेदारांची यादी कचेरीत लावावी. आणि विजेचे सामान विकणाऱ्या सभासदांनी परवाना क्रमांक तपासल्याशिवाय वेटोळे गादीवर घ्यावयाचे नाही, असे लेखी कळवावे. यंत्रे नेणाऱ्याने रजिस्टरात सही करावी व तीन दिवसांत परत आणावीत. पहिली तपासणी संघाच्या स्वतःच्या इमारतीची व्हावी, हेही त्याच ठरावात आहे. अनुमोदन देऊ इच्छिणाऱ्या बंधूंनी आपली नावे सभेपूर्वी चिटणीसांकडे द्यावीत.